नास्तिक म्हणजे काहीतरी मानणारा, की काहीच न मानणारा?

गेल्या गणपतीतली गोष्ट. मामा, मामी आणि माझा मामेभाऊ प्रतीक कराडहून आमच्याकडं सांगलीला आले होते. आरती झाली, पानं वाढली आणि टीव्हीवर जनगणनेची बातमी लागलेली म्हणून विषय निघाला. 2021 ची राहिली ती राहिलीच, आता 2027 ला होणार, माहिती मोबाईलवर भरणार, जातसुद्धा विचारणार वगैरे. प्रतीक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो एकदम म्हणाला की माझ्या धर्माच्या रकान्यात मी नास्तिक असंच लिहायला सांगणार.

मामांनी हातातला घास खाली ठेवला. “सांग की. म्हणजे तुझापण एक धर्मच झाला. आम्ही देव आहे असं मानतो, तू देव नाही असं मानतोस. मानतो दोघंबी. देव नाही हे तुला कसं कळलं, सगळीकडं बघून आलास का?”

प्रतीक म्हणाला, “पप्पा, मी काही मानतच नाही. न मानणं हे मानणं कसं होईल?”

पुढचा अर्धा तास ह्याच दोन वाक्यांवर गेला. आवाज चढले, मामी मध्ये पडल्या, श्रीखंड तसंच राहिलं. जाताना दोघं गाडीत एकमेकांशी बोलत नव्हते. मला ते लागलं, कारण दोघंही अर्धे बरोबर होते आणि दोघांनाही समोरच्याचं अर्धं ऐकूच येत नव्हतं. मी स्वतः देव मानत नाही. आणि तरीही ह्या भांडणात माझं मत सगळं प्रतीकच्या बाजूचं नाही. का नाही, ते नीट उलगडून सांगायचा प्रयत्न करते.

आधी पुराचा मेसेज घेऊ

सांगलीतल्या माणसाला हे उदाहरण लगेच कळेल. ऑगस्ट महिना, पाऊस धो धो, कृष्णा इर्विन पुलाजवळ 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 फुटांच्या धोका पातळीकडं निघालेली. आणि रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज येतो, ‘कोयनेतून आत्ता प्रचंड पाणी सोडलंय, सगळ्यांनी घरं सोडा.’ कुणी पाठवला माहीत नाही, खाली सही नाही, नुसता फॉरवर्ड.

आता एका वाड्यातली चार माणसं बघा. पहिला म्हणतो खरं आहे, आणि सामान बांधायला घेतो. दुसरा म्हणतो साफ खोटं आहे, कारण मी आत्ताच धरणाच्या विसर्गाचा सरकारी आकडा बघितलाय. तिसरी म्हणते, मला सांगता येत नाही, खरं असेल नसेल, नुसत्या फॉरवर्डवर मी काही धरून चालणार नाही. आणि चौथा झोपलाय, त्यानं मेसेज बघितलेलाच नाही.

पहिला सोडला तर बाकी तिघांबद्दल एक वाक्य अगदी खरं आहे, ‘ह्यांचा त्या मेसेजवर विश्वास नाही.’ झोपलेल्याचा नाही, कारण त्याला माहीतच नाही. तिसरीचा नाही, कारण ती थांबलीय. आणि दुसऱ्याचा नाही, कारण त्याचं उलट मत झालंय. वाक्य एकच, पण आत तीन वेगळी माणसं.

‘नास्तिक’ हा शब्द आपण ह्या तिघांनाही लावतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. प्रतीक बोलतो तिसरीबद्दल, मामांच्या डोळ्यासमोर असतो दुसरा, आणि इंटरनेटवर वाद घालणारे लोक मध्येच चौथ्याला उठवून आणतात.

मराठीतला ‘नाही’ जागा बदलतो

हा घोळ व्हायला आपली भाषापण थोडी कारण आहे. “मला नाही वाटत आज पाऊस पडेल” असं कुणी म्हणालं की आपण काय समजतो? ह्याला पावसाबद्दल काही मतच नाही, असं समजतो का? नाही. आपण समजतो की ह्याच्या मते आज पाऊस पडणार नाही, आणि बिनधास्त वाळवण घालतो. म्हणजे ‘नाही’ चिकटवलाय ‘वाटण्या’ला, पण अर्थानं तो जाऊन बसतो ‘पडण्या’वर.

तसंच “मला नाही वाटत देव आहे.” ह्याचा कागदावरचा अर्थ, देव आहे असं मत माझं नाही. ऐकणाऱ्याला कळलेला अर्थ, देव नाही असं माझं मत आहे. बोलणारा पहिला अर्थ धरून बसतो, ऐकणारा दुसरा, आणि दोघांनाही वाटतं समोरचा मुद्दाम फिरवाफिरवी करतोय.

त्यात ‘मानणं’ हा शब्द तर अजूनच पसरट. “आम्ही खंडोबा मानतो” म्हणजे आमच्या घरात त्याचं केलं जातं, कुळाचार आहे. “मी त्या माणसाला मानतो” म्हणजे आदर. “मी हे मानत नाही” म्हणजे मला हे पटत नाही. मामा “तू देव मानत नाहीस” म्हणतात तेव्हा त्यांना जास्त लागलेलं असतं ते पहिल्या अर्थानं, की पोरगं आरतीला उभं राहत नाही, पालीच्या खंडोबाच्या यात्रेला येत नाही. प्रतीक उत्तर देतो तिसऱ्या अर्थानं, की पुरावा कुठाय. मग जुळणार कसं?

हा शब्द मुळात आला कुठून

इथं मला एक गोष्ट फार आवडते. पाणिनीच्या व्याकरणात, म्हणजे इसवी सनाच्याही आधीच्या ग्रंथात, एक छोटंसं सूत्र आहे, ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’. आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे शब्द कसे तयार होतात ते त्यात सांगितलंय. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि सगळं नशिबावर आहे अशी ज्याची मती तो दैष्टिक. शब्द बघा, मती. म्हणजे आपल्या भाषांच्या मुळाशी नास्तिक हा मत असलेला माणूस आहे, मत नसलेला नाही. हे वाचलं तेव्हा प्रतीकला फोन करावासा वाटला होता.

पण लगेच मामांच्या पारड्यातही सगळं टाकू नका, कारण ‘आहे’ म्हणजे काय आहे, तर जुन्या भाष्यकारांनी तिथं परलोक धरलाय, देव नाही. पुढं मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ आलं, म्हणजे वेदांना नावं ठेवणारा तो नास्तिक. तिथंही देवाचा प्रश्न नाही. ह्या हिशेबानं जैन आणि बौद्ध दोघंही नास्तिकांच्या यादीत गेले. आपल्या सांगली भागात कितीतरी जैन कुटुंबं आहेत, रोज मंदिरात जाणारी, पर्युषणात कडक उपवास करणारी, आणि त्यांच्या तत्त्वज्ञानात जग निर्माण करणारा ईश्वर नाही. त्यांना आज कुणी नास्तिक म्हणेल का? आणि उलट बाजूला सांख्य आणि मीमांसा, ही वेद मानणारी म्हणून आस्तिक दर्शनं, पण जगाचा कर्ता ईश्वर त्यांना लागत नाही.

सांख्यसूत्रांत तर आपल्या वादाचं अख्खं सार एका शब्दात आहे. सूत्र आहे ‘ईश्वरासिद्धेः’, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. सोळाव्या शतकातले विज्ञानभिक्षू ह्यावर भाष्य लिहिताना म्हणतात की सूत्रकारांना ईश्वर नाहीच असं म्हणायचं असतं तर त्यांनी ‘ईश्वराभावात्’ असा शब्द घातला असता. सिद्ध होत नाही ही एक गोष्ट आणि नाही ही दुसरी. मामा आणि प्रतीक श्रीखंडाच्या वाटीवरून जे भांडले ते ह्या माणसानं तेव्हाच एका ओळीत वेगळं करून ठेवलं होतं.

टेंभू, कटगुण, सातारा

आपल्याच भागातली तीन नावं घेते, म्हणजे ‘नास्तिक’ ह्या एका टोपलीत आपण किती वेगळी माणसं कोंबतो ते दिसेल.

टेंभू म्हटलं की आपल्याला उपसा सिंचन योजना आठवते, पण कराडजवळच्या त्याच टेंभू गावात 1856 साली गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. 1888 ला त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि पुण्यातल्या सनातन्यांनी चिडून त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. लोकांच्या लेखी ते नास्तिक. पण त्यांची भूमिका अज्ञेयवादाची होती. अज्ञेयवाद म्हणजे, अशा शेवटच्या गोष्टी माणसाला कळण्यासारख्या नाहीत, म्हणून आहे किंवा नाही असं ठाम बोलायचंच नाही. इंग्रजीत ह्या अर्थाचा शब्द टॉमस हक्सले ह्यांनी 1869 मध्ये घडवला. म्हणजे आगरकर आपल्या वाड्यातल्या तिसरीच्या जवळचे, दुसऱ्याच्या नाही.

जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी 1873 ला सत्यशोधक समाज काढला, भटजीशिवाय लग्नं लावली, मूर्तिपूजा नाकारली, त्यामुळं धर्मबुडवे ठरले. पण ते निर्मिक मानायचे, म्हणजे हे जग निर्माण करणारा. त्यांना नास्तिक म्हणणं सरळसरळ चूक आहे.

आणि साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. त्यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, तर लोक आजही म्हणतात की ती देव न मानणाऱ्यांची संघटना. समितीची भूमिका तशी नव्हती. देव मानणारेही तिच्यात काम करतात, विरोध आहे तो शोषणाला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा देव आहे की नाही ह्या भानगडीतच पडत नाही. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन ह्यांना तो लागू नाही असं त्यात लिहूनच ठेवलंय. माणसं नीट न ऐकता शिक्का मारतात तेव्हा काय होऊ शकतं ह्याची आठवण म्हणून मला हे नाव घेताना दर वेळी त्रास होतो.

“पण देव नाही हे सिद्ध कुठं केलंय?”

मामांचा हा प्रश्न. आणि प्रतीकचं तयार उत्तर असतं की सिद्ध करायची जबाबदारी माझी नाही, जो ‘आहे’ म्हणतो त्याची.

ह्याला पुराव्याची जबाबदारी म्हणतात आणि रोजच्या व्यवहारात आपण सगळेच ती पाळतो. कुणी म्हणालं की इर्विन पुलाच्या तिसऱ्या खांबाखाली मोहरांचा हंडा आहे, तर आपण विचारतो तुला कसं माहीत. तो म्हणाला नाही हे तू सिद्ध कर, तर आपण नदीत उडी मारायला जात नाही. अँटनी फ्ल्यू नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं 1970 च्या दशकात हाच मुद्दा कोर्टाच्या भाषेत मांडला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, तसं देवाचं अस्तित्व दाखवलं जाईपर्यंत सुरुवात ‘न मानण्या’पासून करायची. नास्तिक म्हणजे नुसता विश्वासाचा अभाव, ही व्याख्या आज जी पसरलीय तिच्यात त्यांचा मोठा हात आहे.

मला हे निम्मं पटतं. कोर्टात जज पुराव्याअभावी सोडतो तेव्हा तो एवढंच म्हणतो की सिद्ध झालं नाही. ते जजचं काम आहे आणि तिथं ते बरोबरच आहे. पण आरोपीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला विचारा, त्याचं काहीतरी मत झालेलं असतंच, ह्यानं केलं किंवा ह्यानं केलं नाही, कारण त्याला उद्या त्या घरात आपली किल्ली ठेवायची का नाही हे ठरवायचंय. प्रतीक जजच्या खुर्चीत बसून बोलतो, पण राहतो शेजाऱ्यासारखा. त्यानं वाचलंय, विचार केलाय, मित्रांशी वाद घातलेत, नवस बोलत नाही, परीक्षेच्या आधी अंगारा लावत नाही. एवढं सगळं झाल्यावर माझं काही मतच नाही हे म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही. आहे की मत. असू दे. मत असण्यात कमीपणा काय आहे?

आणि मत आहे म्हटलं की कारणं द्यायला लागतात, हे खरं. ‘तू सिद्ध कर’ म्हणून हात झटकता येत नाहीत. जगात एवढं दुःख का, प्रार्थनेनं रोग बरे होताना का दिसत नाहीत, प्रत्येक प्रदेशात देवाचं रूप तिथल्या माणसांसारखंच का, ही कारणं आहेत आणि ती चांगली कारणं आहेत, मग ती मांडावीत.

कोणता देव, ते आधी सांगा

मला वाटतं ह्या सगळ्या वादात सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हा आहे. ‘देव’ ह्या दोन अक्षरांत आपण काय काय घालतो बघा. शेजारच्या काकूंच्या अंगात येणारा, जो हरवलेली म्हैस कुठं आहे ते सांगतो. नवसाला पावणारा, जो पाच नारळांवर बदली करून देतो. ज्ञानेश्वर-तुकारामांचा, ज्याच्याशी भांडता येतं आणि ज्याच्या गळ्यात पडता येतं. आणि एक असा, ज्यानं विश्व सुरू केलं आणि नंतर कशातच लक्ष घातलं नाही.

ह्या सगळ्यांबद्दल माझं उत्तर एक नाही. अंगात येणाऱ्याबद्दल माझं मत पक्कं आहे, तसं काही येत नाही, कारण ते तपासता येतं, म्हैस सापडली का नाही हे बघता येतं. नवसाचंही तसंच. पण विश्व सुरू करून गप्प बसलेल्या कुणाबद्दल विचाराल तर मी आगरकरांच्या शेजारी जाऊन बसते, कारण त्याचं असणं-नसणं तपासायला मला काही हाताशीच सापडत नाही. म्हणजे एकच बाई एका देवाबद्दल वाड्यातला दुसरा माणूस आहे आणि दुसऱ्या देवाबद्दल तिसरी. आणि एखाद्या दूरच्या बेटावरच्या देवाबद्दल, ज्याचं नावसुद्धा मी ऐकलेलं नाही, मी झोपलेला चौथा.

म्हणून ‘नास्तिकपणा हे मत की अभाव’ ह्याला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर मी पटकन भरवसा ठेवत नाही.

मत वेगळं, श्रद्धा वेगळी

आता मामांच्या बाजूची खरी चूक. इंग्रजीत ‘बिलीफ’ हा एकच शब्द मत आणि श्रद्धा दोन्हीला चालतो, त्यामुळं तिकडं हा वाद फार गुंततो. आपल्याकडं दोन वेगळे शब्द आहेत, तर ते वापरूया की.

मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलाय का? व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर हळकुंडं काढतो, एखादं मोडून आतला रंग बघतो, वास घेतो, आणि भाव बोलतो. तो भाव म्हणजे त्याचं मत. ते हवेतून आलेलं नाही, अनुभवातून आणि समोरच्या मालातून आलंय. आणि पोत्याच्या तळाशी ओला माल निघाला तर तो भाव उतरवतो, त्यात त्याला लाज वाटत नाही. उद्या चांगला माल दिसला तर चढवेल. हे मताचं लक्षण, समोरच्या मालाप्रमाणं बदलायची तयारी.

श्रद्धेचा व्यवहार असा नसतो. आई मुलावर, वारकरी विठ्ठलावर असा भाव उतरवत-चढवत नाही. वारीत पाऊस लागला, पाय सुजले, घरी पीक गेलं, तरी पुढच्या आषाढीला माणूस निघतोच, आणि ते त्याच्या श्रद्धेचं मोठेपण आहे असं तोच सांगेल. ही श्रद्धेवर टीका नाही. दोन गोष्टी वेगळ्या जातीच्या आहेत एवढंच म्हणतेय.

तर ‘देव नाही’ हे मत असू शकतं, म्हणून ते श्रद्धा होत नाही. आज बाजार समितीला सुट्टी नाही हेही मतच आहे, त्याला कुणी धर्म म्हणत नाही. धर्माला लागतात सण, संस्कार, पोथी, गुरू, जन्मापासून सरणापर्यंतचे विधी, आणि ‘देव नाही’ ह्या एका वाक्यातून ह्यातलं काहीच निघत नाही. देव न मानणारे दोघे राजकारणात, खाण्यापिण्यात, पैशात एकमेकांच्या पार उलट असू शकतात.

पण मामांचं एक ऐकायला पाहिजे. काही नास्तिक आपल्या मताला श्रद्धेसारखं धरून बसतात, काहीही दाखवा, ऐकणारच नाहीत, आणि देव मानणाऱ्याला मूर्ख समजतात. तिथं मामांचा राग खरा आहे. मी एक कसोटी लावते, नास्तिक माणसाला विचारायचं की काय दिसलं तर तू तुझं मत बदलशील. उत्तर आलं तर ते मत. “काहीही झालं तरी नाही” असं आलं तर तो श्रद्धेच्या जवळ गेलाय. मघाशी सांगितलेले फ्ल्यू, आयुष्यभर नास्तिकांची बाजू मांडली आणि 2004 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, विश्वामागं कुणी आद्य कारण असावं असं जाहीर सांगितलं. त्यांची कारणं मला पटत नाहीत, पण त्यांचं नास्तिकपण मत होतं एवढं त्यातून नक्की दिसतं.

“मग तान्हं बाळ नास्तिक का?”

सगळी मुलं नास्तिकच जन्मतात, असं होल्बाख ह्या फ्रान्समधल्या विचारवंतानं 1772 मध्ये लिहिलं होतं आणि तेव्हापासून हे वाक्य फिरतंय. विश्वासाचा अभाव एवढीच व्याख्या धरली तर बरोबर आहे. पण मग गोठ्यातली म्हैस, उसाचं कांडं, इर्विन पुलाचा दगडसुद्धा नास्तिक. ज्या शब्दात पुलाचा दगड आणि आगरकर एकाच ओळीत बसतात तो शब्द माझ्या काही उपयोगाचा नाही. बाळाला प्रश्नच पडलेला नाही, त्याला झोपू दे.

कायदा ह्यात काय म्हणतो

प्रतीकला मनातून एक भीती होती, ती त्यानं नंतर फोनवर सांगितली. नास्तिकपणा धर्म नसेल तर धर्मस्वातंत्र्य त्याला लागू नाही, आणि लागू हवं असेल तर तो धर्म आहे असं कबूल करावं लागेल, असं त्याला कुणीतरी पटवलं होतं.

तसं नाहीये. संविधानाच्या कलम 25 मध्ये धर्माच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय. मुंबई हायकोर्टानं 2014 मध्ये स्पष्ट सांगितलं की सरकार कुणालाही कुठल्याही फॉर्मवर धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, आणि माझा कोणताही धर्म नाही असं म्हणायचा हक्क ह्याच कलमात येतो. त्या केसमध्ये अर्ज करणारे लोक नास्तिक नव्हतेच, ते येशूला मानत होते पण ख्रिश्चन किंवा कुठलाच धर्म आपला म्हणायला तयार नव्हते. ‘धर्म नाही’ आणि ‘देव नाही’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ह्याच्याहून स्वच्छ कुठं दिसणार.

आमदार-मंत्र्यांच्या शपथेतपण पर्याय आहे, ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक सांगा. लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली कुठल्याही विधीशिवाय होतं. बाकी हिंदू घरात जन्मलेल्याला, तो देव मानो न मानो, हिंदू विवाह कायदा लागू राहतो, कारण तो कायदा मनातलं विचारत नाही.

आणि जनगणना. 2011 ला देशात सुमारे 28.7 लाख लोकांच्या पुढं ‘धर्म सांगितला नाही’ अशी नोंद झाली आणि स्वतःला नास्तिक म्हणवणारे जेमतेम 33 हजारांच्या घरात. एवढ्या मोठ्या देशात न मानणारे खरंच एवढेच असतील असं मला वाटत नाही (बघा, परत तोच उडी मारणारा ‘नाही’). घरातला कर्ता एका दमात सगळ्यांची माहिती सांगतो आणि पोरांना कुणी विचारत नाही, असं मी माझ्याच घरात बघितलंय. जनगणनेत सांगितलेली माहिती 1948 च्या कायद्यानं गुप्त असते, त्यावरून कुणाचा दाखला अडत नाही, त्यामुळं भीतीनं खोटं सांगायची गरज नाही.

आजीचा प्रश्न

मी पण आधी प्रतीकसारखंच बोलायचे, माझा फक्त अभाव आहे, मत नाही. ते सुटलं 2019 च्या महापुरात.

गावभागातलं आमचं जुनं घर. लाईट गेलेली. बाबा जिन्याच्या पायरीवर खडूनं रेघ मारायचे आणि अर्ध्या तासानं टॉर्च घेऊन परत बघायला जायचे, रेघ बुडाली की वर दुसरी. असे मेसेज तेव्हा रात्रभर येत होते, एक म्हणे पाणी उतरतंय, एक म्हणे अजून पाच फूट येणार. मी म्हणत होते की मी कशावरच विश्वास ठेवत नाही, नक्की कळल्यावर बघू. आई म्हणाली, “बघू म्हणून फ्रिज खालीच ठेवणार का?” फ्रिज वर न्यायचा किंवा नाही न्यायचा, मधलं काही नव्हतं. आम्ही नेला. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं.

वर माडीवर आजी देव्हाऱ्यातले टाक एका फडक्यात बांधून मांडीवर घेऊन बसली होती. पहाटे तिनं मला निरांजन पुढं केलं, तिचे हात थरथरत होते, काडी ओढता येत नव्हती. मी म्हटलं आजी, मी नाही लावत, माझा विश्वास नाही. ती रागावली नाही. म्हणाली, “लावायचं नाही हे तू ठरवलंस नव्हं? मग तसं सांग. विश्वास नाही, विश्वास नाही म्हणून अंग काढून घेऊ नको.”

मी काडी ओढली आणि दिवा तिच्यासाठी लावला, आणि लावताना तिला सांगितलं की मला वाटतं तिथं कुणी नाही. तिनं मान हलवली आणि फडकं सोडून टाक पुसायला घेतले.

परवा प्रतीकला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला म्हणजे पप्पांना सांगू का, की माझं मत आहे, श्रद्धा नाही. म्हटलं सांग, आणि कारणंपण सांग, आणि ते त्यांची सांगतील तेव्हा मध्ये बोलू नको. आजी शेजारीच शेंगा सोलत होती. जनगणनेवाले घरातल्या प्रत्येकाचा धर्म वेगळा लिहून घेतात का, असं तिनं विचारलं. म्हटलं हो, माणसागणिक. “मग बरं,” म्हणाली, “माझं मी सांगंन, तुझं तू सांग. तुझ्या बापाला म्हणावं तू मधी पडू नको.”